बिलोलीचे तीन तुकडे

पायथनला बिलोली दिसत नाही. तेलंगणाच्या सीमेला चिकटलेला नांदेड जिल्ह्यातला हा तालुका नकाशावर आहे, एसटीच्या पाटीवर आहे. पण 'बॅकस्लॅश डब्ल्यू अधिक' हा रेगेक्स, म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना, देऊन शब्द वेचायला सांगितले, की पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा 'ब', 'ल', 'ल' असे तीन तुकडे काढते आणि काम फत्ते केल्याच्या थाटात गप्प बसते. काना, मात्रा, वेलांटी ही तिच्या लेखी अक्षरेच नव्हेत. नांदेडचे 'न', 'द', 'ड' होतात, उमरीची वेलांटी गळते. नायगावातला 'यग' तेवढा जोडीने वाचतो. वेगळे मिळणारे 'रेगेक्स' मॉड्यूल बसवले, की गावे पुन्हा धड होतात.

हे निस्तरून गावांच्या यादीवर स्क्रिप्ट लिहायला बसणारा हौशी माणूस पुढे लूपच्या अटीत अडकतो.

शेलमधली जुनी खोड अशी: एकेक ओळ वाचायची आणि दर ओळीला ग्रेप या शोधणाऱ्या प्रोग्रामला हाक मारून विचारायचे, "ही बिलोलीची का?" ग्रेप १९७३ पासूनचा, कामाला वाघ. पण दर फेरीला नवी प्रोसेस उभी करायची, तिला एक ओळ दाखवायची आणि लगेच निरोप द्यायचा, म्हणजे पंगतीत पानागणिक नवा वाढपी बोलावण्यासारखे. दहा हजार ओळींना दहा हजार वाढपी! अख्खी फाइल एकदाच ग्रेपच्या हवाली केली, तर लूपच लागत नाही. लूप हवाच असेल तर बॅश हा शेल स्वतःच नमुना ताडून पाहू शकतो. फक्त तो अवतरणचिन्हांत घालू नये. ३.२ आवृत्तीपासून अवतरणातला नमुना बॅश साधा मजकूर समजतो आणि त्यातली रेगेक्सची खास चिन्हे बिनतक्रार निकामी होतात.

जावास्क्रिप्टची तऱ्हा न्यारी. व्हाइल लूपच्या अटीतच सगळ्या जागा शोधायला सांगणारा 'जी' लावलेला रेगेक्स लिहिला, तर तो दर फेरीला नव्याने जन्मतो, कुठवर पोचलो होतो ते विसरतो आणि पहिलीच बिलोली पुन्हापुन्हा शोधून काढतो. लॅपटॉपचा पंखा घरघरतो, यादी काही सरकत नाही. तोच रेगेक्स लूपच्या आधी एका व्हेरिएबलमध्ये ठेवला, की सगळे सुरळीत.

असले घोळ फक्त हौशींचेच, असे कुणी समजू नये. २० जुलै २०१६ रोजी 'स्टॅक ओव्हरफ्लो' ३४ मिनिटे बंद पडले, ते ओळीच्या टोकाची रिकामी जागा छाटणाऱ्या रेगेक्समुळे. एका ओळीत सुमारे वीस हजार स्पेस सलग आल्या. रेगेक्स प्रत्येक स्पेसपासून नव्याने मोजत सुटला आणि तपासण्या वीस कोटींच्या घरात गेल्या. जगभरचे प्रोग्रामर जिथे रेगेक्स विचारायला जातात, नेमके तेच ठिकाण! तिथल्या इंजिनिअरांनी मग तो रेगेक्सच काढला आणि साध्या सबस्ट्रिंगवर काम भागवले.