भग्नवास्तूंचे रसिक

जुन्या इमारतींच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले की, अध्यक्षांचे भाषण संपण्यापूर्वीच एखाद्या चौकटीसमोर हात पाठीशी बांधून, मान किंचित तिरपी करून जे गृहस्थ उभे असतात, त्यांच्या अभिरुचीस वास्तू पडकी आणि निर्मनुष्य असल्यावाचून रुचतच नाही. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा लख्ख उन्हात समोरून टिपलेला असेल, तर 'हा पंचनामा झाला' एवढा शेरा मारून ते पुढे सरकतात. परंतु १८२८ च्या आगीतून उरलेल्या जोत्यांवर गवत माजल्याचे एखादे धूसर चित्र आढळले, म्हणजे 'काय कारुण्य आहे!' हा उद्गार शेजारच्यांस ऐकू जाईल अशा बेताने बाहेर पडतो. आगीपूर्वीचा वाडा कोणी टिपला असता, तर त्यांनी तो खचित नापसंत केला असता.

१८५५ साली मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन बिग्ज यांस जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामगिरीवर नेमले, आणि त्यांनी विजापूर-बदामीकडील इमारती सरकारी दप्तरासाठी टिपल्या. त्या काळच्या चित्रांतील नीरवतेवर आमचे रसिक घटकाभर बोलतात. वास्तविक तेव्हाचे कागद प्रकाश इतक्या संथपणे ग्रहण करीत की, समोरून भिस्ती, भाजीवाली किंवा आख्खी बैलगाडी गेली, तरी स्थिर न राहिल्याच्या अपराधाबद्दल तिची नोंद होत नसे. ही हकीकत त्यांस सांगून पाहावी, तर ते क्षमाशील स्मित करून म्हणतात, "तंत्र निराळे, दृष्टी निराळी." मला स्वतःला कमानीखाली वाळत घातलेले लुगडे दिसल्यावाचून वाड्यात जीव वाटत नाही, पण हा अर्ज त्यांच्या दरबारी दाखलच होत नाही. स्वतः ते सिमेंटच्या नव्या बंगल्यात राहतात, आणि तेथे कोळ्याचे जाळे दिसल्यास गड्याची कानउघाडणी होते.

एका प्रदर्शनात पेठेतल्या वाड्याच्या भिंतीवरून तिरपी उतरलेली भेग पाहून ते 'ही रेषा!' म्हणत तल्लीन झाले असता शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी खाकरून सांगितले, "अहो, ती आमच्या स्वयंपाकघराची भिंत. मालक दाद देत नाहीत, म्हणून भाडेकरूंनीच वर्गणी काढली आहे. येत्या सोमवारी गवंडी येतोय."

रसिकांचा चेहरा उतरला. "एवढी घाई कशाला करता?" ते काकुळतीने म्हणाले, "निदान आषाढ तरी जाऊ द्या. ओल चढली की करड्या छटा काय खुलतील!"