लाइट गेली, सुरक्षा आली

संगणक सुरक्षेवर जगभरच्या कंपन्या पाण्यासारखा पैसा ओततात. आमच्या वरंध खोऱ्यात ती फुकट मिळते, आणि पावसाळ्यात तर दिवसातून दोन-तीनदा. घाटातून ढग खाली उतरले, वारा सुटला, लायनीवर एखादी फांदी आडवी झाली, की अख्खा गाव हॅकरच्या तावडीतून सुटलाच म्हणून समजा. सोबत रेंजही जाते. यालाच शहरातले सल्लागार ‘एअर गॅप’ म्हणतात आणि त्याचं घसघशीत बिल लावतात.

हसू नका, याला आंतरराष्ट्रीय पुरावा आहे.

27 जून 2017. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू सुटला. हिशेब त्यांचे, ताप आमच्या रायगड जिल्ह्याला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक माना टाकून बसले आणि तिच्या समूहाकडून चालवलं जाणारं न्हावा-शेव्याचं टर्मिनल ठप्प झालं. कोणता कंटेनर कुठला, कोणाचा, हे संगणकालाच ठाऊक. आणि संगणक काही बोलेना.

कंपनीत कोणाला कुठे प्रवेश आहे, याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरले होते. प्रत्येकाकडे इतरांची नक्कल. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशोब. सगळे एकदम जातील, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानातला. त्याला कोणत्या फायरवॉलने वाचवलं? कोणत्याच नाही. हल्ला झाला तेव्हा तिथली लाइट गेली होती!

पुढची गोष्ट तर खास आपल्याकडची वाटेल. त्या वाचलेल्या सर्व्हरवरचा डेटा दुरुस्तीसाठी इंग्लंडला पाठवायचा, तर घानातलं इंटरनेट मंद. माणूस पाठवावा, तर कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी एक जण डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो लंडनला निघाला. आपण एसटीच्या कंडक्टरकडे महाडला डबा देतो, तसा जगातल्या बलाढ्य जहाज कंपनीचा जीव पोहोचता झाला. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरचं.

आता कोणी विचारील, हल्ल्यात वापरलेल्या विंडोजच्या भोकाला ठिगळ नव्हतं का? होतं की! मायक्रोसॉफ्टने ते 14 मार्च 2017 लाच दिलं होतं. मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या विषाणूने त्याच भोकातून शिरून जगभर दणका दिला, तरी जूनमध्ये कितीतरी यंत्रं तशीच उघडी होती. असं एक यंत्र सापडलं की विषाणू त्यातून पासवर्ड उचलणार आणि ठिगळ लावलेल्या शेजाऱ्याच्याही घरात शिरणार. मर्स्कमध्ये सुरक्षा सुधारण्याचा प्रस्ताव मंजूर होता, पैसेही मंजूर होते. फक्त ते काम झालं की नाही, याचा वरच्या साहेबांच्या बोनसशी संबंध नव्हता. मंजूर झालेलं काम आणि झालेलं काम यातला फरक महाड-पोलादपूरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

उलट ज्यांच्याकडे लाइट कधी जातच नाही, त्यांची अवस्था बघा. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या, परीक्षा पुढे ढकलल्या, देशभर बातमी झाली. मार्च 2021 मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देत घातपाताची शक्यता सांगितली. 14 ट्रोजन म्हणजे छुपे विषाणू, 8 जीबी डेटा, आणि चीनकडे रोखलेलं बोट. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, छे, मानवी चूक! काही तास वीज गेली तर मुंबईकर थेट बीजिंगपर्यंत पोहोचतो. आमचा फोन बिरवाडीच्या पुढे जात नाही. आणि वायरमनदादांनी उचलला, तर तेवढ्यानेच अर्धी लाइट आल्यासारखं वाटतं.

संशय घ्यायलासुद्धा सुबत्ता लागते. मार्च 2024 मध्ये एक्सझेड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून, कामं करून विश्वास कमावला आणि मग हा दरवाजा बसवला. तो उघडकीला कसा आला? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं, की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आमच्याकडे दाखल्याला गेलं तर सर्व्हर डाऊन, रेशनच्या मशीनवर अंगठा टेकला तर सर्व्हर डाऊन. अर्धा दिवस गेला तरी कोणाला शंका येत नाही. चोरदरवाजा लपवायला याहून उत्तम जागा नाही. पण चोरालाही आत शिरायला सर्व्हर चालू लागतो, तिथे तोही रांगेत.

फसवणूक करणाऱ्यांनाही आमचा अंदाज आला नाही. 2022 च्या सुमारास राज्यभर मेसेज फिरत होते: मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री 9.30 ला तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. फोन केला की पलीकडचा ‘अधिकारी’ एक ॲप उतरवायला सांगे, दहा रुपये भरायला लावे आणि फोनचा पडदा त्याला दिसू लागला की खातं साफ. शहरात शिकलेसवरलेले फसले. आमच्या आळीत नातवाने मेसेज वाचून दाखवला, तर आजोबा सुपारी कातरायचे थांबलेसुद्धा नाहीत. “खोटं आहे. लाइट जायच्या आधी सांगतात व्हय रं कधी?”

एवढ्या एका वाक्यात जे शहाणपण आहे, ते तज्ज्ञांच्या चार दिवसांच्या परिषदेत सापडायचं नाही. तरी शेजारच्या कोणाचे पैसे गेलेच, तर 1930 वर फोन करायला सांगा. लगेच केला तर पैसे अडवले जायची आशा असते. त्यासाठी आधी रेंज असलेला कातळ गाठावा लागतो, ही गोष्ट वेगळी.

पण आमचं हे कवच आता धोक्यात आहे. गावोगाव स्मार्ट मीटरची चर्चा पोहोचली आहे. अशा मीटरमध्ये लांबून एक आदेश देऊन वीज बंद-चालू करायची सोय असते. खांबावर चढायला नको, फ्यूज काढायला नको. म्हणजे फांदी पडायची वाट न बघता लाइट घालवण्याची सोय झाली. ती सोय कोणाकोणाच्या हातात पडेल, ठिगळं वेळेवर लावायची जबाबदारी कोणाची, हे मीटर बसवायला येणाऱ्या पोराला विचारलं, तर तो म्हणतो, “काका, इथे सही करा.”

सही करू. निदान यापुढे लाइट गेली, तर चीनवर संशय घ्यायचा मान वरंधलाही मिळेल.