माळ्यावरच्या कॅरीबॅगबाईंना अनावृत पत्र

श्रीमती कॅरीबॅगबाई,
मु. पो. माळा, मोडक्या पाळण्यामागे.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या घरातल्या सगळ्या अर्धवट गोधड्या आपण आजवर इतक्या निगुतीने सांभाळल्यात की त्यांतली एकही पुरी होऊ शकली नाही. एवढ्या सेवेची कुणी दखल घेतली नाही. बोल लागला तो शिवणाऱ्या बायकांना. आरंभशूर आहेत, धरसोड करतात, हौस दांडगी आणि टाके चार! आपलं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. हा अन्याय दूर व्हावा म्हणून हे उघड लिहिते आहे.

आधी आपला कुलवृत्तांत. इंग्लंडात नॉर्थविच इथे १९३३ साली दोन रसायनतज्ज्ञ वेगळाच प्रयोग करत होते, तेव्हा भांड्यात पांढरा मेणचट पदार्थ उरला. ते पॉलिथिन, आपले मूळ पुरुष. पुढे स्वीडनमध्ये स्टेन गुस्टाफ थुलिन या अभियंत्याने एका अखंड नळीतून पिशवी आणि तिचे दोन कान एकदमच कापून काढायची युक्ती शोधली. १९६५ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळालं. एकच पिशवी घडी घालून खिशात ठेवावी आणि पुन्हा पुन्हा वापरावी, असा त्यांचा मानस होता, असं त्यांच्या मुलाने सांगितलं आहे. त्यांना काय कल्पना, की महाराष्ट्रात आपला पुनर्वापर पंधरा-पंधरा वर्षं चालेल आणि तोही जागचं न हलता!

२३ मार्च २०१८ला सरकारने आपल्यावर बंदी घातली. जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर ३ महिने कैद. भाजीवाले धास्तावले, किराणावाल्यांनी कागदी पुडे काढले. आपण मात्र भूमिगत झालात. माळ्यावर धाड घालायला महापालिकेचा माणूस येत नाही, हे आपण बरोबर ओळखलंत.

आपण येण्यापूर्वी गोधडीचा संसार कसा चाले, ते आपल्या कानी नसेल. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात. उन्हाळ्यात पापड-कुरडयांमधून दुपार मोकळी झाली की ओसरीवर जुनं लुगडं अंथरायचं. लुगडं बसायच्या जागी विरतं, काठ शाबूत राहतात, म्हणून विरलेला भाग कापून धड तेवढं घ्यायचं. त्यावर धोतरांचे, परकरांचे तुकडे पसरायचे, वरून दुसरं लुगडं आणि चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, जे जड हाताला येईल ते. मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी थर धरून ठेवायचे आणि मग कडेने धावदोरा घालत आत आत सरकायचं. दोघी-तिघी वेगवेगळ्या बाजूंना बसत. एकीचे टाके लांब, एकीचे बारीक, आणि कुठली बाजू कुणाची हे पुढे वीस वर्षं ओळखता येई.

यात सोय अशी कुठेच नव्हती. ओसरी अडे. पुरुषमंडळी उड्या मारत जात, मांजर नेमकी मधोमध झोपे, कुणाच्या तरी तळव्यात सुई जाई आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणत, "अगं, ते एकदाचं उरका." अर्धवट गोधडी लपतच नसे, ती पायात येई. पायात येई म्हणूनच मृगाच्या आत पुरी होई. ही अडचण हीच काय ती व्यवस्था होती, कॅरीबॅगबाई, आणि ती आपण मोडीत काढलीत.

वन बीएचकेत ओसरी नाही, कबूल. पाहुण्यांची रिक्षा खाली थांबली की पसारा दोन मिनिटांत दिसेनासा करावा लागतो, हेही कबूल. पण आपण नुसता पसारा लपवला नाहीत. आपण काम मिटल्याचं समाधान दिलंत! पिशवीच्या कानांची गाठ मारली, ती माळ्यावर सरकवली, हात झटकले, की बाईला वाटतं आज गोधडीचं बरंच काही झालं. टाका एकही पडलेला नसतो. अशा निश्चिंत मनाने ती दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडवर जाते आणि नव्या गोधडीसाठी कटपीस घेऊन येते. ते कशातून आणते, हे आपल्याला सांगायला नको.

परवा आपल्या पोटातून एक दुपटं निघालं. म्हणजे दुपट्याचा वरचा अर्धा भाग, कापलेले त्रिकोण आणि निळ्या दोऱ्याचं संपत आलेलं रीळ. कुठला त्रिकोण कुठे लावायचा याची चिठ्ठी नाही. त्या निळ्या छटेचा दोरा आता मिळत नाही. अस्तर बेतलं होतं का, की बेतायचं होतं? आपल्याला विचारावं तर आपण नुसत्या सळसळता. ज्याच्या बारशासाठी हा घाट घातला होता, त्याला मिसरूड फुटलं आहे. त्याने ते कापड उचलून पाहिलं आणि विचारलं, "हे मोबाइल पुसायला आहे का?"

बरं, सांभाळ तरी धड केलात? सुती कापड हाताला कोरडं लागतं तेव्हाही त्यात पाणी असतं. सर्वसाधारण हवेत सुताच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल त्यात मुरलेली असते. दोन किलोच्या गोधडीत दीडशे ग्रॅमच्या वर पाणी! उघड्यावर ही ओल हवेबरोबर ये-जा करते. आपण गाठ मारून तिला कोंडलंत. दिवसा माळा तापला, रात्री गार झाला, की तीच ओल आपल्या आतल्या अंगाला दवासारखी धरते आणि परत कापडावर उतरते. मग बुरशीचे काळे ठिपके, तो कोंदट वास, आणि "पावसाळ्यात असं होतंच" हे आम्ही एकमेकींना सांगायचं. पाऊस बिचारा खिडकीबाहेर होता.

आपली सोबतही निवडक. पहिली, टोचून ठेवलेली सुई. ती गंजते, गंजाचा डाग धुऊन जात नाही आणि डागाच्या जागी सूत कुजतं. दुसरं, गुंडाळीवरचं रबरबँड. ते आधी चिकट होतं, मग ठिसूळ, आणि त्यातल्या गंधकाने जरीचा काठ काळा पडतो. तिसरी, डांबरगोळी. तिच्याबद्दल मात्र थट्टा पुरे. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीच्या वाफेने फुटू शकतात आणि कावीळ अंगावर बेतते. ती वाफ मुरलेली दुपटी आणि पांघरुणं वापरून बाळं आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय लिखाणात आहेत. आणि आम्ही गोळ्या टाकतो कुठे? नेमक्या दुपट्यांतच.

आपला सगळ्यात मोठा पराक्रम अजून बाकी आहे. आपण अपारदर्शक आहात आणि सगळ्या एकसारख्या दिसता. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून सगळ्याजणी एकदम खाली येता, आणि जुने कपडे कुठले, गोधडीचं सामान कुठलं, हे गाठ सोडल्याशिवाय कळत नाही. गाठ कोण सोडतं? आमच्या नात्यातल्या एका घरी बोहारणीशी घासाघीस चालली होती. एका पिशवीवर व्यवहार अडला म्हणून घाईत आणखी एक दिली. त्या दुसरीत आजीच्या इरकली लुगड्याची निम्मी झालेली चौघडी होती. मोबदल्यात झाकणासकट स्टीलचा डबा आला. आता त्या डब्यात रवा ठेवतात.

अर्धवट शिवणाची पिशवी कशी असावी, याचा एक जुना दाखला आपल्या माहितीसाठी देते. एप्रिल १८४१मध्ये 'राजा' नावाचं जहाज इंग्लंडहून शिक्षा झालेल्या बायकांना घेऊन टास्मानियाकडे निघालं. कैदी बायकांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळाने अशा बायकांना शिवणाचं सामान भरून पिशव्या द्यायची पद्धत पाडली होती. पिशवीत शंभर सुया, दोरे, अंगुस्ताना, कात्री आणि दोन पौंड ठिगळं. जुलैत जहाज होबार्टला लागलं तेव्हा हजारो तुकड्यांची एक भली मोठी गोधडी तयार होती, मंडळाचे आभार टाक्यांनी लिहिलेली. १९८७ साली ती स्कॉटलंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली आणि आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. माळा तिलाही चुकला नाही, पण माळ्यावर गेली ती पुरी होऊन.

असो. आपल्या सेवानिवृत्तीची तयारी झाली आहे. यंदा मृगाच्या आत आपल्याला खाली उतरवून रिकामं केलं जाईल. कापडातली खळ धुऊन काढू, कारण खळीवर कसर तुटून पडते. उन्हात वाळवू, पण घडी घालू ती कापड निवल्यावर. मग प्रत्येक गोधडीला आपापला जुना सुती अभ्रा मिळेल. कापलेले चौकोन दोऱ्यात ओवून ठेवू, म्हणजे सांडत नाहीत आणि मोजताही येतात. सुई सुयांच्या डबीत राहील. अभ्र्यावर कच्च्या टाक्यांनी चिठ्ठी शिवू, कुणासाठी, कुठवर आलं, दोरा कुठला, पुढे काय करायचं. टाचणी लावणार नाही, एकदा गंज पाहिला तेवढा बस. कच्चे टाके घातलेली मोठी गोधडी घडीने पडून राहिली की थर सरकतात, म्हणून ती गुंडाळून ठेवू. आणि हे सगळं माळ्यावर जाणार नाही. दिवाणखान्यातल्या उघड्या फळीवर, टीव्हीच्या शेजारी, पाहुण्यांना दिसेल असं राहील. पाहुणे विचारतील, "हे काय आहे?" विचारू देत. आता सासूबाईंचं काम कुणीतरी करायला हवंच.

सगळ्याच पुऱ्या करू असं मात्र नाही. आपल्या पोटात काही गोधड्या अशाही आहेत ज्या मुळातच बेताच्या होत्या. एक तर टेरिकॉटची, सुईखालून सटकणारी. कुणाच्या तरी हट्टापायी सुरू झालेली. तिची उसवणी करून पायपुसणी करू आणि शोक करणार नाही. त्या बिचारीला बारा वर्षं 'पुढच्या सुट्टीत' या आशेवर ठेवलं, ही एकट्या आपलीच क्रूरता.

निरोप समारंभाला नारळ आणि शाल द्यायची पद्धत आहे. नारळ मिळेल. शाल अजून पुरी व्हायची आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपली,
एक गोधडीवाली

ता. क. आपल्या धाकट्या बहिणीला, त्या साडीच्या दुकानातून मिळणाऱ्या खरखरीत रंगीत पिशवीला, एक निरोप द्यावा. ती स्वतःला कापडी म्हणवून आपल्या रिकाम्या जागेवर अर्ज करते आहे. ती पॉलिप्रॉपिलीनची आहे हे आम्हाला कळलं आहे. दोन उन्हाळे गेले की तिचा भुगा होऊन कापडभर चिकटतो, हेही पाहून झालं आहे. तिने येऊ नये.