परिसर वगळून परिसर अभ्यास

परिसर अभ्यासातून परिसर वगळण्याचे जे शिस्तबद्ध कार्य आपल्या शाळांनी चालवले आहे, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. ताम्हण हे राज्यफूल ऐन एप्रिल-मेमध्ये बहरते. नेमकी तेव्हाच उन्हाळी सुट्टी, त्यामुळे विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होत नाही. हरियाल हा राज्यपक्षी वड-उंबराच्या फळांवर जगतो. आवारातला उंबर तोडून तिथे पेव्हर ब्लॉक बसवल्यापासून त्याचाही व्यत्यय उरलेला नाही. शेकरूचे चित्र स्टेशनरीच्या दुकानात मिळते. मागच्या बाजूला माहिती छापलेली असते, ती वहीत चिकटवली की कायमची झाकली जाते. (प्रकल्प अर्थात आई करते. तिची चौथी यंदा उत्तम चालली आहे.)

पुढचे पाऊल म्हणून मटकीला मोड आणण्याचा प्रयोगही बंद करावा. त्यात पाणी सांडते, शिवाय मटकी पुस्तकात दिलेल्या दिवशीच उगवेल याची हमी नसते आणि मुले प्रश्न विचारू लागतात.

परवाच एका वर्गात खराखुरा सरडा शिरला. बाईंनी प्रसंगावधान राखून शिपायाला हाक मारली, सरडा बाहेर घालवला, दार लावून घेतले आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा धडा पुढे सुरू केला.