सात-एकेचाळीसची स्लो

ठाण्याहून नाशिकला बिऱ्हाड हलवलं तेव्हा बायको रेल्वेने गेली आणि मी सामानाबरोबर ट्रकमध्ये बसलो. सामानात तिचं शिवणयंत्र होतं, आणि त्याच्यासोबत कुणीतरी जबाबदार माणूस असावा असं तिचं मत पडलं. तसा कुणी मिळाला नाही, म्हणून मी गेलो.

ट्रक अख्खा आमच्यासाठी नव्हता. पुढच्या अर्ध्या हौद्यात शेठची फरशी, मागच्या अर्ध्यात आमचा संसार. ड्रायव्हर पाथर्डीकडचे. किन्नर त्यांना आण्णा म्हणत होता, म्हणून मीही म्हणू लागलो. भिवंडी बायपास मागे पडला तशी माझ्या मनातली शंका वर आली.

"आण्णा, कसारा घाटात गाडी दमणार नाही ना?"

"दमतीय कशाला? सात-एकेचाळीस हाय."

ठाण्यात हयात घालवलेल्या माणसाला कुणी 'सात-एकेचाळीस' म्हटलं, की त्याच्या तोंडून एकच प्रश्न निघतो. माझ्याही निघाला.

"फास्ट की स्लो?"

"स्लो," आण्णा शांतपणे म्हणाले. "शेठची दुसरी गाडी आठ-सदतीस. ती फास्ट."

"कुठून सुटते?"

किन्नराने खिडकीबाहेर तोंड काढलं आणि बराच वेळ आत घेतलं नाही.

"अवो सर, दात! दातांचं सांगतोय." मी नकळत ओठ मिटून घेतले, माझी कवळी अजून नवी आहे. "मागं डिफरन्स असतोय बगा, त्याच्यातले दात."

"डिफरन्स? कशाकशात?"

"कशात म्हंजी? मागं!"

शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवल्यामुळे डिफरन्स म्हणजे वजाबाकी, एवढंच मला ठाऊक. इथे तो भागाकार निघाला. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध, पोटाखाली, लोखंडी भोपळ्यासारखं काहीतरी लोंबत असतं. तोच हा डिफरन्स, म्हणजे कागदोपत्री डिफरन्शियल. त्यात परातीएवढं एक दातेरी चाक असतं, तो क्राऊन. आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन. आमच्या गाडीत पिनियनला दात 7, क्राऊनला 41. पिनियन जवळजवळ सहा गिरक्या घेतो तेव्हा कुठे चाक एकदा फिरतं. नेमकं सांगायचं तर 5.86.

मी लगेच मसावि काढला. तो 1 आला आणि मला या लोकांविषयी आदर वाटू लागला. 40 ला 8 दात ठेवले असते तर पिनियनचा प्रत्येक दात जन्मभर क्राऊनच्या त्याच पाच दातांवर आपटत राहिला असता. 41 ला 7 ठेवले की प्रत्येक दात पाळीपाळीने प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. मुलांनी मला अनेकदा विचारलं होतं, "सर, मसाविचा पुढे काय उपयोग?" उत्तर द्यायला मला पडघ्याच्या पुढे ट्रकात बसावं लागेल, याची मला तेव्हा काय कल्पना!

"म्हणजे आकडा मोठा तितकी गाडी जोरदार," मी म्हणालो.

"आकडा मोठा तितकी गाडी ओढणार. लहान तितकी पळणार. दोन्ही पायजेल आसंल तर दोन गाड्या घ्या."

शेठनी हा सल्ला मानला नव्हता. सपाटीवर डिझेल वाचतं असं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं आणि त्यांनी दुसऱ्या गाडीचा क्राऊन-पिनियन बदलून आठ-सदतीस टाकला. म्हणजे 4.63. डिझेल खरंच वाचलं. मात्र स्पीडोमीटरची तार गिअरबॉक्समधून येते. मागे काय अदलाबदल झाली हे त्या बिचाऱ्याला कुणी कळवलंच नाही. काटा 60 दाखवत होता तेव्हा गाडी 76 ने चालली होती. ही तफावत पहिल्यांदा पोलिसांच्या लक्षात आली. पुढे एकदा लोखंड भरून ती गाडी घाटात अडकली, क्लच प्लेट जळाली, आणि वाचलेलं सगळं डिझेल एका रात्रीत क्लच प्लेटवाल्याच्या घरी गेलं.

खर्डीच्या अलीकडे मागचं डावं चाक पंक्चर झालं. तेही धाब्याच्या तोंडाशी, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. चाक बदलून झालं, गाडी अजून जॅकवर होती, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. आण्णांनी सांगितलेला आकडा मला पडताळून पाहायचा होता. आण्णांनी विरोध केला नाही. त्यांचा चहा यायचा होता. त्यांनी बाकीच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला. मी खिशातला खडू काढला (निवृत्त झालो तरी तो असतो) आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्सपर्यंत येणारा लांब दांडा, ज्याला ही मंडळी जॉइंट म्हणतात, त्याच्यावर एक रेघ ओढली. किन्नर चाक फिरवणार, मी वाकून रेघ मोजणार.

त्याने चाक बरोबर एकदा फिरवलं. रेघ एकदा आली, दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा यायला जरा कमी असताना थांबली. पुन्हा मोजलं. तेच. 2.9!

मला दरदरून घाम फुटला. बाजेवर बसून मी गणित मांडलं. पहिल्या गिअरचे साधारण साडेसहा धरले, त्याला 5.86 ने गुणलं तर इंजिनाच्या 38 फेऱ्यांत चाक एकदा फिरायला हवं. इथे 19 च येत होते. आठ-सदतीसवालीचेसुद्धा 30 होते आणि तिची क्लच प्लेट जळाली होती! म्हणजे शेठनी याही गाडीत गुपचूप काहीतरी कोंबलं होतं. मी आण्णांना म्हणालो, "माझं लोखंडी कपाट इथेच उतरवा. पुस्तकंही उतरवा. शिवणयंत्र तेवढं जाऊ दे."

आण्णांनी बशीतला चहा संपवला.

"सर, एक चाक जॅकवर. दुसरं काय करतंय?"

"दुसरं? दुसरं जमिनीवर आहे."

"मग?"

मग माझ्या लक्षात आलं, आणि धाब्यावर दिवे कमी असल्याबद्दल मी देवाचे आभार मानले. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना वेगवेगळं फिरता यावं म्हणून तर तो भोपळा तिथे असतो. क्राऊन फिरतो तो दोन्ही चाकांच्या सरासरीने. एक चाक एकदा फिरलं, दुसरं शून्य वेळा, सरासरी अर्धी. 5.86 चं अर्धं 2.93. वर्गात एखाद्या पोराने हे चुकवलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी मुकाट्याने केबिनमध्ये चढलो.

चढण्यापूर्वी सुतळीने टायरचा घेर मात्र मोजून घेतला: 3.2 मीटर. म्हणजे ताशी 60 ला चाक मिनिटाला 312 वेळा फिरतं आणि टॉप गिअरला इंजिन 1830 वेळा. आठ-सदतीसवालीचं इंजिन तेवढ्याच वेगाला 1445 वर भागवतं. डिझेल वाचतं ते इथे. हे मी आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "हां," आणि गिअर टाकला.

कसारा घाटात आम्ही ज्या वेगाने चढलो त्याला वेग म्हणणं धाडसाचं आहे. एक कुत्रं बराच वेळ आमच्याबरोबर चाललं आणि कंटाळून पुढे निघून गेलं. पण गाडी कुरकुरली नाही. खालच्या अंगाला रेल्वे चढत होती. तिथे 37 फुटांत 1 फूट चढ आहे, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या पाठीला बँकर इंजिनं जोडतात आणि ती इगतपुरीपर्यंत ढकलत नेतात.

"तिला मागनं ढकलायला माणसं हायेत," आण्णा म्हणाले. "आपल्याला मागं कोण? तुमचं कपाट."

वाटेत एक राजस्थान पासिंगचा लांब ट्रेलर धापा टाकत होता. आमच्या सात-एकेचाळीसने त्याला रुबाबात मागे टाकलं. मी किन्नराला टाळी दिली. घाटनदेवीपाशी आण्णांनी हात जोडले, मीही जोडले. इगतपुरी संपून सपाटी लागली आणि घोटीच्या अलीकडे तोच ट्रेलर भोंगा वाजवत सुर्रकन निघून गेला.

"पळणारा क्राऊन," आण्णा म्हणाले.

नाशिकला पोचलो तेव्हा बायको दारात उभी होती. रेल्वेने येऊन, जेवून, झोपून उठली होती. "एवढा उशीर?"

"सात-एकेचाळीसने आलो."

"ती फास्ट असते ना?"

मी सामान उतरवायला गेलो. शिवणयंत्र सुखरूप होतं, कपाटाला एक पोचा आला होता. सुतळीचा गुंडा मात्र खर्डीच्या धाब्यावर राहिला. कुणाला सापडलाच तर ओळखायला सोपा आहे: टोकापासून 3.2 मीटरवर गाठ मारलेली आहे.