कूलरला पाणी लागलं

आमच्या कूलरच्या जॉबकार्डावर, कारणाच्या रकान्यात, निळ्या बॉलपेनने लिहिलंय : 'पाणी लागल्याने नादुरुस्त. वॉरंटीत बसत नाही.'

कूलर. पाणी लागल्याने.

तीन दिवस झाले, ते कार्ड मी खिशात घालून लोणारभर हिंडतोय. बसस्टँडवर दाखवतो, चहाच्या टपरीवर दाखवतो, काल एका लग्नात पंगतीला बसलेल्यांना दाखवलं. वाचणारा आधी वाचतो, मग कार्ड उलटं करून मागे काही लिहिलंय का बघतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो. एकाने तर विचारलं, "काका, तुमी पाणी कुठं टाकलं व्हतं नेमकं?" म्हटलं, टाकीत. तो जरा विचारात पडला. म्हणाला, "मग बरोबर हाय की."

कूलर म्हणजे मुळात पाणी लागण्याचाच धंदा. खाली टाकी, टाकीत पंप, पंपाने पाणी वर, वरून ताट्यांवर, ताट्यांतून वारा. यातलं पाणी काढून टाकलं तर उरतो तो पंखा, आणि पंखा आमच्याकडे आधीच होता. तो गरम वारा फेकत होता म्हणूनच आखाजीच्या मुहूर्तावर आम्ही कूलर घेतला. त्या दिवशी घेतलेली वस्तू अक्षय राहते म्हणतात. आमची बारा दिवस राहिली. बाळाचं बारसं करतात त्या दिवशी कूलरचा पंप गेला. नाव ठेवायचं राहिलं होतं, ते मी नंतर ठेवलं, छापण्यासारखं नाही.

मग मी ते वॉरंटीचं पुस्तक काढलं. अक्षर एवढं बारीक की खसखशीचा दाणा त्यावर ठेवला तर एक अख्खं कलम झाकलं जावं. नातवाचं भिंग घेऊन वाचलं. पान चार : टाकी खुणेपर्यंत भरल्याशिवाय पंप चालवू नये, कोरडा चालवल्यास वॉरंटी रद्द. पान सहा : पाण्यामुळे झालेल्या बिघाडास कंपनी जबाबदार नाही. म्हणजे पाण्याशिवाय चालवला तर वॉरंटी रद्द, पाण्यासकट चालवला तरी रद्द. ती शाबूत ठेवायची असेल तर कूलर खोक्यातून बाहेरच काढायचा नाही. आता हाच न्याय पुढे न्या. छत्री परत घेता येणार नाही, ती भिजलेली आहे. तवा बदलून मिळणार नाही, तो तापवल्याच्या खुणा आहेत. चप्पल? आत पाय घातलेला दिसतो. चाळणीला तर साहेब भोकंच आढळली, हे गिऱ्हाइकाचंच काम. उखळात मुसळ घातल्याने उखळाला मार बसलेला आहे, सबब नाकारण्यात येत आहे. आणि सुईचं काय? सुई टोचल्याचे पुरावे कापडावर आहेत!

पण खरी गंमत ते वाक्य कसं लिहिलं गेलं त्यात आहे.

दुकानात 'माणूस येईल' असं सांगितलं होतं. आपल्याकडे दुरुस्तीला कधी कुणी येत नाही, 'माणूस' येतो, आणि तोही कंपनीचा. नऊ दिवसांनी आला. पाठीला बॅग, हातात टेस्टर. त्याने झाकण उघडलं, टाकीत तर्जनी बुडवली, ती जिभेला लावली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "खारं हाय."

मी म्हटलं, बाबा, हे नळाचं पाणी आहे.

"लोणार हाय ना पण काका हे."

म्हणजे निदान पिनकोडवरून झालं होतं. बोट नुसतं रिवाजापुरतं. गावाच्या नावातच लवण, गावाला दैत्य लाभला तोही लवणासुर, मग कूलर खाऱ्या पाण्याने जाणार नाही तर काय! आता या पोराला कोण सांगणार की खारं पाणी आहे ते विवरात, आणि विवर काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे. तिथून बादली भरून वर आणायची म्हणजे माझ्या गुडघ्यांची वॉरंटी त्याआधी संपेल. शिवाय ते अभयारण्य आहे, 2020 पासून रामसरच्या यादीतलं आहे. कूलरसाठी पाणी उपसताना सापडलो तर जॉबकार्ड नाही, पंचनामा होईल. आणि त्याच विवराच्या काठावर गोमुखाची धार आहे, बारमाही, गोड पाण्याची. लोणारात राहून पाणी सरसकट खारं म्हणणं म्हणजे नागपूरकर म्हणून माणूस सरसकट आंबट म्हणण्यासारखं.

याच सरोवराचं पाणी 2020च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा काय झालं होतं आठवा. नमुने बाटल्यांत भरले, प्रयोगशाळेत गेले, तपासण्या झाल्या, तेव्हा कुठे कळलं की मिठावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे. कुणीही काठावर बसून बोट चाटून 'बीट हाय' असा निकाल दिला नाही. ग्राहक संरक्षण कायदाही हेच म्हणतो. वस्तूतला दोष तपासल्याशिवाय कळण्यासारखा नसेल तर नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि अहवाल 45 दिवसांत मागवायचा. पंचेचाळीस दिवस! आमच्या माणसाला चार सेकंद लागले. देशातल्या प्रयोगशाळा उगाच वीज जाळतायत. ती एक जीभ सरकारजमा करावी.

कार्ड घेऊन दुकानात गेलो. कूलर घेताना मी 'या साहेब' होतो, पंखा माझ्याकडे वळवला होता, मुलगा पळत जाऊन चहा घेऊन आला होता. आता मी 'काय हो काका' होतो. पहिला प्रश्न : "खोकं हाय का?" खोक्यात मांजर व्यालंय. "मग कसं करता काका?" म्हणजे पिल्लं नसती तर पंप चालला असता. मी बिल पुढे केलं. त्याने बिलावरच्या जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं. तो शिक्का तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. विकलेल्या मालाच्या परतीबद्दलचा, तोच तो. राष्ट्रगीतानंतर या देशात सगळ्यांना तोंडपाठ असलेलं वाक्य तेच असेल.

त्या शिक्क्याला, सांगून ठेवतो, कवडीचीही किंमत नाही. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे, आणि त्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणजे काय याची यादी आहे. सदोष माल विकल्यावर, बिलात लिहिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, हे त्या यादीत स्वच्छ शब्दांत आहे. बिल न देणंही त्याच यादीत आहे. त्याच्याही मागे जायचं तर माल विक्रीचा कायदा 1930 सालचा, इंग्रजांच्या काळातला. दुकानदार जो माल नेहमी विकतो तो विकण्याच्या लायकीचा असलाच पाहिजे, ही अट बिलावर लिहिली नसली तरी गृहीत धरा, असं तो सांगतो. कूलर थंड करण्याच्या लायकीचा असावा हे साहेबालासुद्धा कळत होतं, आणि त्याच्या देशात कूलर लागतही नव्हता! आणि इथे दोन इंचांचा एक रबरी शिक्का, स्टेशनरीच्या दुकानात शंभरेक रुपयांत करून मिळणारा, संसदेच्या डोक्यावर रोज दिवसातून पन्नास वेळा धाडधाड आपटला जातो आणि आपण बिल घडी घालून खिशात ठेवतो. मला राग शिक्क्याचा नाही, आपल्या त्या घडी घालण्याचा आहे. पैसे घेतले कुणी? दुकानाने. फोडणीच्या भांड्याची स्कीम सांगितली कुणी? दुकानाने. 'मी बसलोय ना इथं' म्हणालं कोण? तेच. आणि पंप जळला की दुकान म्हणतं, ते कंपनीचं हाय, आमच्या हातात काही नाही. कंपनी म्हणते डीलरला विचारा. डीलर म्हणतो माणूस येईल. माणूस बोट चाटतो. म्हणजे आरोपीचाच माणूस पंच, आरोपीचाच माणूस डॉक्टर, आरोपीचाच माणूस न्यायाधीश, आणि मी फिर्यादी म्हणून उभा तर माझ्याच टाकीत माझाच पुरावा बुडालेला. याला पॉलिसी म्हणतात. आमच्या लहानपणी याला वेगळा शब्द होता.

दुकानदाराचीही एक बाजू आहे, ती दोन ओळींत सांगून मोकळा होतो. मृग बरसला की कूलर 'आवडला नाही' म्हणून परत आणणारे महाभाग मी पाहिलेत, आणि हळदीचा डाग पडलेली साडी 'घडी मोडली नाही' म्हणून काउंटरवर टाकणाऱ्या माझ्या नात्यातल्याच आहेत. पण त्यांच्यामुळे जळालेला पंप चांगला ठरत नाही.

'मग जा ना तक्रार करायला,' असं तुम्ही म्हणाल. खुशाल जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. मेहकर, चिखली करत बुलढाणा गाठायचं. आणि मुदत? सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल व्हावा, प्रयोगशाळेची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत, असं कायद्यात आहे. हिशेब करा. मे महिन्यात तक्रार केली तर तीन महिने म्हणजे पोळा. तपासणी लागली तर दसरा. निकाल माझ्या बाजूने लागेल, कूलर नवा मिळेल, आणि आम्ही घरातली सगळी माणसं गोधडी पांघरून त्याच्यासमोर बसू. दुकानदाराला हे गणित कायद्याहून चांगलं येतं. कूलरचा धंदा तीन महिन्यांचा, त्याची वॉरंटी बारा महिन्यांची; त्यातले नऊ महिने तो माळ्यावर कधी बिघडतच नाही. नुसतं 'सोमवारी बघू' म्हणत राहिलं तरी आकाशातून मदत येते.

तर तो माणूस. कार्ड लिहून झाल्यावर त्याला घाम फुटला होता. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, बंद कूलरच्या शेजारी उकिडवा बसलेला, कुणाचं तरी पोर ते. माझा राग त्याच्यावर नव्हता. त्याला दिवसाला किती कार्डं भरायची असतात देव जाणे. बायकोने माठातलं पाणी दिलं. त्याने तांब्या तोंड न लावता वरून घटाघटा रिकामा केला, दुसरा मागितला, तोही संपवला, आणि बाहीने तोंड पुसत म्हणाला, "गोड हाय काकू पाणी तुमचं."

बायको म्हणाली, "त्याच नळाचं आहे. कूलरला पण हेच घालतो."

तो कार्डाकडे बघत बसला. मग मोबाइल काढून म्हणाला, "काका, तेवढा ओटीपी आला असंल बघा. चार आकडी. तो सांगितला की तुमची तक्रार सुटली म्हणून लागते."

मी खिशात हात घातला. आकडे आले होते.

म्हटलं, "फोन बंद आहे रे. पाणी लागलंय."