महाराशिबोधमीमांसा: बालाघाट-परंपरेचा प्राथमिक विचार

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने नामनिर्देशासह लावून दिली. त्याच देशातला सुशिक्षित गृहस्थ आज 'लाख कोटी' असे जोडनाव घेऊन वेळ मारून नेतो. लाख कोटी म्हणजे महापद्म. ज्या राशीस स्वतःचे नाव आहे तिला दोन उसन्या नावांनी हाक मारणे, हे आकलन सुटल्याचे प्रथम लक्षण होय.

व्याख्या: ज्या रकमेवरून मनुष्य भांडू शकतो ती त्याची आकलित राशी, ज्या रकमेवर तो नुसती मान डोलावतो ती अनाकलित. दोहोंमधील रेषेस विवादसीमा ही संज्ञा द्यावी. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी तीनदा मागे फिरणारा ग्राहक, राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प 4.21 लाख कोटींचा आहे असे ऐकल्यावर "असन बाप्पा" म्हणतो. आकडा 42.1 लाख कोटी सांगितला तरी 'बाप्पा'चा स्वर तसूभरही हलत नाही. ही सीमा ओलांडण्याचे यत्न चार मतांत विभागले जातात.

1. पर्णवाद. हे मत येथील वनांत उपजलेले असून सर्वांत प्रौढ आहे. पन्नास तेंदूपानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा, आणि बोऱ्यामागे 4,000 रुपये मजुरी. अर्थात गड्डीस चार रुपये आणि रुपयास साडेबारा पाने. या अर्ध्या पानावरून मतात फूट पडली. खंडपर्णवादी अर्धे पान ग्राह्य धरतात. अखंडपर्णवादी दोन रुपये हेच मूळ परिमाण मानतात, कारण त्यात पंचवीस पाने सबंध येतात. आमचा कल अखंडपर्णवादाकडे आहे. वैशाखाच्या उन्हात संकलनाच्या फडावर गड्ड्यांच्या रांगा लागतात, मुन्शी एखादी उचलून तिची कड अंगठ्याने सरसर सोडतो, आणि पाने अठ्ठेचाळीस निघाली तर तेथे जो वाद होतो त्याची बरोबरी विधानसभेतील कोणतीही अर्थसंकल्पीय चर्चा करू शकत नाही. मात्र एक कोटी रुपयांस साडेबारा कोटी पाने लागतात, आणि महापद्मास साडेबारा लाख कोटी. तेथे जंगल संपते आणि मतही.

2. रेखावाद. पाचशेची नवी नोट पंधरा सेंटीमीटर लांब. एक कोटी म्हणजे वीस हजार नोटा, अर्थात तीन किलोमीटर. बालाघाटहून गोंदियाची सुमारे चाळीस किलोमीटरची वाट तेरा-साडेतेरा कोटींत झाकली जाते, हे कुणासही पटते. राज्याचा अर्थसंकल्प मात्र याच मापाने चंद्रावर जातो, परततो, पुन्हा चंद्रावर पोहोचतो आणि दुसऱ्या परतीच्या वाटेवर संपतो. उरलेल्या मार्गासाठी पुरवणी मागण्यांची तरतूद आहे.

3. कालवाद. सेकंदास एक रुपया मोजल्यास कोटीस 116 दिवस आणि महापद्मास सुमारे 31,700 वर्षे. हे मत बाहेरून आलेले आहे. बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीच्या बसची वाट पाहणाऱ्यास सेकंद हे परिमाण मान्य नसल्याने येथे त्याचा प्रसार झाला नाही.

4. द्विगुणवाद. प्रत्यक्ष प्रयोगापर्यंत पोहोचलेले हे एकमेव मत. स्थानिक परिभाषेत 'डबल मनी'. मे 2022 मध्ये लांजी-किरनापूर भागात थोड्या काळात रक्कम दुप्पट करून देणाऱ्या मंडळींवर पोलिसांनी कारवाई केली आणि सुमारे दहा कोटींची रोकड जप्त केली. ती सारी पाचशेच्या नोटांत असती तर रेखावादानुसार तीस किलोमीटर भरली असती. गोंदिया तरीही दूरच. गणित असे: एक लाख सव्वीस वेळा दुप्पट केले की राज्याचा अर्थसंकल्प मागे पडतो, चाळीस वेळा केले की परार्ध. ठेवीदारांना लोभी ठरवणारे टीकाकार येथे चुकतात. प्रत्येक ठेवीदार आपल्या विवादसीमेच्या आतच उभा होता, कारण लाखाचे दोन लाख कोणालाही कळतात. सव्विसावी दुप्पट कोठून येणार, हा प्रश्न सीमेपलीकडचा, म्हणून तो कोणी विचारला नाही.

परार्धापुढचा प्रदेश ओसाड आहे असे मानू नये. झिंबाब्वेने जानेवारी 2009 मध्ये एक जलधी, म्हणजे शंभर महापद्म, डॉलरची नोट काढली, पण ती परार्धाच्या अलीकडेच राहिली. हंगेरीने मात्र 1946 मध्येच सहस्र परार्ध पेंगोची नोट छापून भास्कराचार्यांची अठरा स्थाने अपुरी पाडली होती. सबब एकोणीस ते एकवीस या तीन स्थानांचे नामकरण करण्यासाठी बालाघाट येथे एक समिती नेमावी. नावांवर एकाच बैठकीत एकमत होईल. चहा-पोह्यांचे बिल मात्र 340 रुपयांच्या आसपास जाणार असल्याने, त्याच्या मंजुरीसाठी पुढील बैठकांचा काळ राखून ठेवावा.